मुलगी मॉडेल होऊ म्हणते तेव्हा

आपल्या समाजात मुलगी सी.ए. झाली की घरोघरी पेढे पोहोचतात. डॉक्टर झाली तर समाजाच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार होतो. परंतु एखाद्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच्या घाईच्या जेवणात, मुलीने 'मला मॉडेलिंग करायचे आहे' असे सांगितले की घरात जी शांतता पसरते ती निराळीच असते. आजी काही न बोलता पान वाढू लागते, वडील दुकानाचा विषय काढतात आणि आई 'आधी पदवी तर पूर्ण होऊ दे' असे म्हणून वेळ मारून नेते. नकार कोणी देत नाही, होकारही कोणी देत नाही. मग मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असे सांगून मुंबईची गाडी पकडते. खरा धोका इथे सुरू होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक कागद घेऊन येतात. कर्जाचे, वारसाचे, विम्याचे कागद तर नेहमीचेच. गेल्या काही वर्षांत त्यांत मॉडेलिंग संस्थांच्या करारपत्रांची भर पडली आहे. कागद वाचून झाला की मुली हळूच तीन प्रश्न विचारतात. 'काका, माझे वय जास्त तर झाले नाही ना?' हा पहिला. आणि तो विचारणारी मुलगी तेवीस वर्षांची असते. 'मी सावळी आहे, चालेल का?' हा दुसरा. तिसरा प्रश्न बहुधा आईच विचारते : 'पुढे लग्नाचे काय?' तिन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे मी यथामती देणार आहे. मात्र ज्या प्रश्नावर या व्यवसायाचे बरेवाईट बव्हंशी अवलंबून असते, तो हिशोबाचा प्रश्न मला आजवर एकाही मुलीने आपणहून विचारलेला नाही.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मॉडेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झगमगत्या मंचावरून चालणारी, न हसणारी, उंच तरुणी येते. तो या व्यवसायाचा फार छोटा कोपरा आहे. कपड्यांच्या ऑनलाइन दुकानांसाठी दिवसाकाठी डझनावारी पोशाख बदलून छायाचित्रे देणारी मॉडेलच असते. कारखान्यात नव्या मापाचा कुर्ता अंगावर चढवून 'खांद्यात ओढतो आहे' असे शिंप्याला सांगणारीही मॉडेलच. तिचा चेहरा कधीच कुठे छापला जात नाही. अंगठ्या-बांगड्यांसाठी केवळ हात लागतात. बँकेच्या, विम्याच्या, रुग्णालयाच्या जाहिरातीत आजी-आजोबा लागतात. १९८० च्या दशकात सर्फच्या जाहिरातीतील 'ललिताजी' घराघरांत पोहोचल्या. कविता चौधरी यांनी साकारलेली ती हिशोबी गृहिणी साध्या साडीत वावरे, आणि तिच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसे. मसालेवाले महाशय धर्मपाल गुलाटी तर स्वतःच्याच जाहिरातींत झळकत राहिले. २०२० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले तोपर्यंत मसाल्याच्या पाकिटावरील फेटेधारी चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला होता.

आणि आपण हे विसरू नये की या व्यवसायाचे ग्राहक मोठ्या प्रमाणात आपणच आहोत. सराफी पेढ्या, साड्यांची दालने, तयार कपड्यांचे कारखाने यांत आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. दिवाळीपूर्वी गावाच्या वेशीवर जे मोठे फलक लागतात त्यांवर नथ आणि शालू ल्यालेली मुलगी कोणाची तरी असतेच. तिची निवड करताना, तिचे मानधन ठरवताना आपल्याला संकोच वाटत नाही. तो आपल्या घरची मुलगी त्या फलकावर जाऊ म्हणते तेव्हाच वाटतो. परक्या मुलीच्या चेहऱ्यावर आपला व्यापार वाढवावा आणि आपल्या मुलीने त्याच कामाचे नाव काढले की कुळाची अब्रू आठवावी, ही दुटप्पी वागणूक मला पटत नाही. हा व्यवसाय वाईट असेल तर आपण फलक लावणे बंद केले पाहिजे. वाईट नसेल तर मुलीशी नीट बोलले पाहिजे.

आता वयाचा प्रश्न. मंचावरील मॉडेलिंगला वय लवकर लागते, हे सत्य आहे. मुंबईची उज्ज्वला राऊत १९९६ मध्ये फेमिनाची 'लुक ऑफ द इयर' ठरली तेव्हा ती अठराचीही नव्हती. पुढे तिने जगातील मोठमोठ्या फॅशन-मंचांवर काम केले. त्या वयात, त्या उंचीने जे दार उघडते ते पंचविशीत सहसा उघडत नाही. म्हणून चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा छायाचित्रे काढून पॅरिसची स्वप्ने पाहणाऱ्या मुलीला मी खोटा धीर देणार नाही. मात्र तिच्यासाठी कॅटलॉग, छापील जाहिराती, दागिने, साड्या हे क्षेत्र उघडे असते आणि ते तिशी-पस्तिशीनंतरही पूर्णपणे बंद होत नाही. अलीकडे जगाचे नियमही सैल झाले आहेत. मिस युनिव्हर्स स्पर्धेने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना आणि मातांना प्रवेश दिला आणि २०२४ पासून वयाची वरची अट काढून टाकली. त्याच वर्षी अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स प्रांताचा किताब अलेहांद्रा रोड्रिगेझ या साठ वर्षांच्या वकील बाईंनी जिंकला. अमेरिकेच्या कार्मेन डेलोरेफिचे यांचा जन्म १९३१ चा. पंधराव्या वर्षी त्या 'व्होग' मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्या आणि पंच्याऐंशी वर्षांच्या असतानाही मंचावर चालल्या. मे मस्क या आहारतज्ज्ञ बाईंना एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीने एकोणसत्तराव्या वर्षी आपला चेहरा म्हणून निवडले. ही उदाहरणे अपवादात्मक आहेत हे मला कळते. अपवादावर संसार उभा करू नये. त्यांतून एवढेच घ्यावे की वयाबरोबर काम संपत नाही, कामाचा प्रकार बदलतो.

वयाबाबत मला खरी चिंता वाटते ती उलट टोकाची, म्हणजे फार लहान वयाची. लहानग्यांना साबण-बिस्किटांच्या जाहिरातींत घेऊन जाणाऱ्या हौशी पालकांनी एक नियम जाणून घ्यावा. चौदा वर्षांखालील बालकलाकाराच्या कामासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते आणि ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. मुलाचे पैसे मुलाचे आहेत, हे तत्त्व कायद्याने मान्य केले याचे मला फार समाधान वाटते. तसेच अठरा वर्षांखालील मुलामुलीने केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार ग्राह्य धरला जात नाही. सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची सही कोणी घेऊ लागला तर त्या माणसाला कायदा ठाऊक नाही किंवा तो ठाऊक असूनही त्याला पर्वा नाही. दोन्ही स्थितींत तिथून उठून यावे.

रूपाविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. शरीराची ठेवण, वर्ण, आवाज हे सारे नामकर्माच्या उदयाने लाभते; त्यात आपली कमाई वा आपला दोष काही नाही. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त जे आठ मद सांगितले त्यांत देहाचाही मद आहे. सनत्कुमार चक्रवर्तीची कथा तर आपण पाठशाळेत ऐकली आहे. इंद्रसभेत ज्याच्या रूपाची स्तुती झाली त्याला पाहायला दोन देव वेषांतर करून आले. स्नानापूर्वीच्या साध्या अवस्थेतही त्याचे रूप पाहून ते थक्क झाले. 'सभेत अलंकार घालून बसेन तेव्हा पाहा' असे तो अभिमानाने म्हणाला. आणि सभेत आल्यावर देवांनी खेदाने मान हलवली, कारण तेवढ्या अवधीत त्या देहाला उतरण लागली होती. परंतु ही कथा सांगून मुलीला गप्प करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की भगवान बाहुबलींना आपली परंपरा पहिले कामदेव म्हणते. रूप असणे हे पाप नव्हे. रूपाचा मद जसा निषिद्ध, तसाच रूपाचा न्यूनगंडही निरर्थक, असा अर्थ मी त्यातून काढतो.

सावळ्या रंगाची भीती आपल्या बाजारपेठेनेच पोसली. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द जायला २०२० साल उजाडले. सावळ्या व्यक्तीला दुःखी, अपयशी वा उपेक्षित दाखवू नये, असे मार्गदर्शक नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केले. आज सावळ्या मॉडेलना मागणी आहे. लग्नाच्या बाजारात अजून तितकी नाही, ही वेगळी आणि अधिक लाजिरवाणी गोष्ट आहे. उंचीचे मात्र तसे नाही. मंचासाठी मुलींना साधारण पाच फूट आठ इंचांच्या आसपास उंची मागतात आणि तिथे कोणताही उपाय चालत नाही. उंची वाढवण्याची औषधे विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नये.

वजनाची बाब याहून गंभीर आहे, आणि ती आपल्या घरांत ओळखायला विशेष कठीण आहे. २००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस आणि ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन या दोन तरुण मॉडेल अतिकृशतेच्या आजाराने, उपासमारीने गेल्या. जग हादरले. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने वजन आणि उंचीच्या प्रमाणावरून काढला जाणारा बीएमआय हा अंक १८ पेक्षा कमी असणाऱ्या मॉडेलना मंच नाकारला. पुढे इस्राएलने कायदा केला. फ्रान्सने २०१७ मध्ये मॉडेलना वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि संगणकावर शरीर बारीक वा जाड करून दाखवलेल्या जाहिरातीतील छायाचित्रावर तसे स्पष्ट छापणे बंधनकारक केले. म्हणजे आपली मुलगी ज्या छायाचित्राशी स्वतःची तुलना करून रडते, त्या छायाचित्रातील मुलगीही तशी नसते.

आपल्या घरांत हे ओळखणे कठीण का? कारण आपल्याकडे न जेवण्याचे कौतुक होते. अन्य घरांत मुलगी दोन दिवस जेवली नाही तर आई घाबरते. आपल्याकडे तिने एकाशन केले, उपवास केला असे म्हटले की आजी तिच्या पाठीवरून हात फिरवते. तपाच्या आडोशाने उपासमार चालू राहिली तर ती महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. तपाचा हेतू कर्मनिर्जरा. ऐहिक फळाची इच्छा धरून केलेल्या व्रताला शास्त्राने 'निदान' म्हटले असून ते शल्यांपैकी एक मानले आहे. कंबर दोन इंच कमी व्हावी म्हणून केलेला उपवास या व्याख्येत नेमका बसतो. आयांनी पाहावयाच्या खुणा साध्या आहेत : पारण्याच्या दिवशीही मुलगी जेवण टाळते, ताटातले अन्न लपवते, केस गळू लागतात, उन्हाळ्यातही थंडी वाजते, मासिक पाळी थांबते, दिवसातून चार वेळा वजनकाट्यावर उभी राहते. यांतील दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर महाराजांकडे वा माताजींकडे नेण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. हा मानसिक आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात लपवण्याजोगे काही नाही.

आता हिशोब. इथे माझे हात थोडे अधिक सैल सुटतील, त्याबद्दल वाचक क्षमा करतील.

तालुक्याच्या गावचे एक कापड व्यापारी आपल्या वीस वर्षांच्या मुलीसह माझ्याकडे आले होते. शहरातील एका हॉटेलच्या सभागृहात झालेल्या 'निवड चाचणी'त मुलगी निवडली गेली होती. छायाचित्रांचा संच, प्रशिक्षण आणि नोंदणी मिळून पंच्याण्णव हजार रुपये भरावयाचे होते. वडील मुदत ठेव मोडायला निघाले होते. ठेव मुदतपूर्व मोडली तर व्याज किती बुडेल, एवढेच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचे होते. मी करारपत्र मागितले. अकरा पाने, सारी इंग्रजीत. पाच वर्षे दुसऱ्या कोणाकडे काम करायचे नाही. काम मिळवून देण्याची हमी नाही. भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत नाही. छायाचित्रांचे सर्व हक्क कायमचे संस्थेचे. मध्येच सोडल्यास पाच लाख रुपये दंड. कर्जाच्या अर्जदारांचे कागद तपासण्यात उभा जन्म गेल्यामुळे मी त्यांना संस्थेला फोनवर तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या : गेल्या वर्षी तुम्ही कोणकोणत्या कंपन्यांना मॉडेल पुरवल्या, तुमचे कमिशन किती, आणि कमिशन हेच तुमचे उत्पन्न असेल तर काम मिळण्याआधी पैसे कशासाठी? पलीकडून उत्तर आले की जागा आज संध्याकाळी सहापर्यंतच राखून ठेवली आहे. ठेव मोडली गेली नाही. मुलीला रडू आले, वडिलांना हायसे वाटले. मला मात्र तिच्या रडण्याचे अधिक वाईट वाटले, कारण तिला वाटत होते की दार आम्ही बंद केले. ते दार मुळात नव्हतेच.

खऱ्या संस्थेचे उत्पन्न मॉडेलच्या कामातून मिळणाऱ्या कमिशनवर चालते. मॉडेलला काम मिळाले नाही तर संस्थेलाही काही मिळत नाही. न्यूयॉर्क राज्याने जून २०२५ पासून लागू केलेल्या कायद्यात हेच सूत्र आहे. तिथे व्यवस्थापन संस्थेला नोंदणी करावी लागते, मॉडेलकडून आगाऊ शुल्क वा अनामत घेता येत नाही, कमिशनला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मॉडेलची संगणकनिर्मित प्रतिकृती वापरायची तर तिची वेगळी लेखी संमती लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून ही कलमे आपण आपल्या करारात लिहून घेतली पाहिजेत. विशेषतः शेवटचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या दिवसांत 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' या पाच शब्दांवर सही करणे म्हणजे आपला चेहरा साठेखतावाचून विकून टाकणे. छायाचित्र कोणत्या उत्पादनासाठी, कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती महिने वापरणार, हे करारात असलेच पाहिजे. मुदत संपल्यावर वापर सुरू ठेवायचा असल्यास नवे मानधन.

त्या मुलीने पुढे काय केले, हे सांगितले पाहिजे. गावातल्याच छायाचित्रकाराकडून तिने दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीपुढे, मेकअपविना आठ छायाचित्रे काढून घेतली : समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचे, केस मोकळे, केस बांधलेले. खऱ्या संस्था सुरुवातीला एवढेच मागतात. तिने ती तीन ठिकाणी पाठवली. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तिसऱ्याने कुर्त्यांच्या कॅटलॉगसाठी एक दिवस बोलावले. खर्च सारा मिळून दोन हजारांच्या आत.

पैसे मिळू लागले की नवी अडचण येते : ते वेळेवर मिळत नाहीत. काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मानधन हाती येणे या क्षेत्रात सर्रास चालते. म्हणून मुंबईत राहायला जाणाऱ्या मुलीकडे निदान सहा महिन्यांच्या भाड्याची आणि जेवणाची तरतूद आधीच हवी. वर्सोव्याच्या आराम नगरात एका निवड चाचणीतून दुसरीकडे जाणाऱ्या शेकडो मुलामुलींत उसनवारीवर दिवस काढणारे पुष्कळ असतात, आणि नको त्या कामाला होकार जातो तो बहुधा भाड्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी. प्रत्येक कामाचे बिल द्यावे, पैसे बँक खात्यातच घ्यावेत. व्यावसायिक मानधनावर सामान्यतः १० टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर तो परत मिळतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. कित्येक मुली हे पैसे सरकारकडेच सोडून देतात. वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली तर जीएसटीची नोंदणी करावी लागते. ती वेळ येवो.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना घसारा समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्र विकत घेतले की पहिल्या दिवसापासून त्याची किंमत उतरू लागते आणि शहाणा कारखानदार दर वर्षी नफ्यातून काही रक्कम बाजूला काढून नव्या यंत्राची सोय करतो. चेहरा ही या व्यवसायातील तशीच मालमत्ता. फरक इतकाच की नवा चेहरा बाजारात मिळत नाही. नवा व्यवसाय मात्र उभा करता येतो. म्हणून प्रत्येक मानधनातील एक तृतीयांश रक्कम खर्चाला हात लावण्यापूर्वी वेगळ्या खात्यात जावी. त्यातील काही भाग विसाव्या वर्षी उघडलेल्या भविष्यनिर्वाह खात्यात, म्हणजे पीपीएफमध्ये जावा. त्याची मुदत पंधरा वर्षांची. पैसे हाती येतील तेव्हा मुलगी पस्तिशीत असेल आणि नेमकी त्याच सुमारास तिला त्यांची गरज भासेल. पदवी अर्धवट सोडू नये हे वेगळे सांगायला नको. पनवेलच्या अदिती गोवित्रीकर यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. करीत असतानाच मॉडेलिंगचा किताब मिळवला, विवाहानंतर २००१ मध्ये त्या 'मिसेस वर्ल्ड' झाल्या आणि पुढे मानसशास्त्राकडे वळल्या. मॉडेलिंग आणि संसार एकत्र नांदतच नाहीत असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. मात्र तेही सोपे समजू नये; चित्रीकरणाच्या वेळा विचित्र असतात, आणि घरात मूल सांभाळणारी सासू वा आई नसेल तर ओढाताण अटळ असते.

घराने काय करावे? पहिल्या वर्षी सोबत जावे, पण सावलीसारखे नव्हे. भाऊ किंवा आई चित्रीकरणाच्या ठिकाणापर्यंत गेली, तिथल्या जबाबदार व्यक्तीचे नाव आणि क्रमांक घेऊन आली, तर पुरे. हॉटेलच्या खोलीत एकटीने 'भेट' ठेवणाऱ्याकडे कोणत्याही सबबीवर जायचे नाही, हे एकदाच स्पष्ट बोलावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मॉडेललाही लागू आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक समिती असते, हे मुलीला ठाऊक असावे. ती घरी येऊन काही सांगू लागली तर पहिले वाक्य 'तरी आम्ही सांगत होतो' हे नसावे. ते वाक्य ऐकलेली मुलगी दुसऱ्यांदा काही सांगत नाही.

आपल्या आचाराचे काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझ्या मते घराने आपला सारा विरोध इथे खर्च करावा. चामड्याच्या पर्स, फर, कोशातील जीव उकळून काढलेले रेशीम, मांस आणि मद्याची उत्पादने, सोड्याच्या आडून केलेली मद्याची छुपी जाहिरात : यांना नकार. आपल्या आचार्यांनी श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि केशवाणिज्य आहेत. प्राण्यांच्या अवयवांचा आणि जीवांचा व्यापार करू नये हा त्यांचा आशय चेहरा भाड्याने देणाऱ्यालाही लागू पडतो. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, तेवढा दिलासा. नकाराची ही यादी कामाच्या दिवशी तोंडी सांगू नये. करारापूर्वी लेखी पाठवावी. दोन-चार कामे जातील. जेवणाची अडचण त्या मानाने किरकोळ आहे. मुंबईच्या चित्रीकरणाच्या ठिकाणी 'जैन जेवण' हा शब्द सर्वांना कळतो, आदल्या दिवशी सांगितले की पुरे. सूर्यास्ताची अडचण असेल त्या दिवशी डब्यात दशमी, खाकरा आणि सुका मेवा न्यावा.

राहिला लग्नाचा प्रश्न. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी माहितीपत्र भरताना 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहावे यावरून एका घरात झालेला वाद मी ऐकला आहे. आईचा आग्रह 'गृहकृत्यदक्ष' लिहिण्याचा, मामांचा 'जाहिरात क्षेत्रात नोकरी' लिहिण्याचा. मुलगी म्हणत होती, 'मॉडेल' लिहा. मुलीचे बरोबर होते. लपवलेले छायाचित्र लग्नानंतर सासरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर उमटणारच आणि तेव्हा चूक कामाची नव्हे, लपवण्याची ठरेल. त्या रकान्यात 'मॉडेल' असे स्वच्छ लिहावे, शेजारी शिक्षण लिहावे, आणि गेल्या तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांवरचा उत्पन्नाचा आकडा खालच्या रकान्यात भरावा. स्थळे कमी येतील. जी येतील त्यांना पहिल्याच भेटीत विचारावे की लग्नानंतर हे काम चालू ठेवण्यास त्यांची हरकत आहे काय, आणि या प्रश्नाचे उत्तर मुलाकडून ऐकावे, त्याच्या काकांकडून नव्हे.